पाच मैत्रिणी, एक टेबल आणि दुपारचे साडेतीन

प्रश्न : ताई, आम्ही पाच मैत्रिणी, कॉलेजपासूनच्या. आता सगळ्या पन्नाशीला आलोय. येत्या सप्टेंबरात दहा दिवस इटलीला जायचं ठरलंय : रोम, फ्लॉरेन्स आणि व्हेनिस. गेल्या वर्षी प्राग-व्हिएन्ना केलं, तेव्हा आखणी, बुकिंग, हिशेब सगळं माझ्याकडे होतं आणि परतेपर्यंत दोघींचा अबोला झाला होता. एकीला यादीतलं प्रत्येक ठिकाण बघायचं असतं. दुसरीला चौकात बसून येणारी-जाणारी माणसं बघायची असतात. तिसरी खवय्यी, तिला चांगल्या ठिकाणी निवांत जेवायचं असतं, सोबत वाइन हवी. चौथी पक्की शाकाहारी, दारू घेत नाही. बिल मात्र पाचांत सारखं वाटलं जायचं. पहिलं भांडण ट्रॅमच्या थांब्यावर चारच्या सुमाराला झालं, दुसरं किल्ल्यावरून उतरताना, पाच वाजायला आले होते तेव्हा. आणि शेवटच्या दिवशी साडेतीनला, संग्रहालयाच्या दारात, कधीच तक्रार न करणारी आमची शाकाहारी मैत्रीण एकदम फुटली. म्हणाली, "दहा दिवस मी तुमच्या वाइनचे पैसे भरतेय." सगळ्यांना खूश ठेवून खाणं आणि फिरणं कसं आखू? शिवाय एक सहावी मैत्रीण येऊ म्हणते आहे. घ्यावं का?

— गटाची बिनपगारी व्यवस्थापक

उत्तर : बिनपगारी बाई, तुमचं पत्र दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा पेन्सिल हातात घेऊन. भांडणांच्या वेळा तुम्ही सहज लिहून गेलात, मी त्यांच्याखाली रेघा मारल्या. चार. पाचच्या आसपास. साडेतीन. सकाळी दहाला एकही भांडण नाही, रात्री जेवताना एकही नाही. तुम्ही मैत्रिणींचे स्वभाव सांगितलेत, पण मला त्यात भूक आणि दुखणारे पाय दिसले. स्वभावाला औषध नसतं म्हणतात. भुकेला असतं.

इटलीत ही दुपार आणखी अवघड होते, हे आधीच सांगून ठेवते. तिथल्या चांगल्या खानावळी दुपारी साडेबारा-एकला सुरू होतात आणि अडीचच्या सुमाराला स्वयंपाकघर बंद करतात. मग थेट संध्याकाळी साडेसात. मधल्या पाच तासांत दारं उघडी दिसतात ती बहुतेक प्रवाशांसाठीच मांडलेल्या ठिकाणांची : बाहेर पदार्थांचे फोटो, सहा भाषांतला मेनू आणि हाताला धरून आत बोलावणारा माणूस. मी स्वतः दोन मैत्रिणींबरोबर रोममध्ये नेमकी याच वेळेला भटकले आहे. सकाळभर भग्नावशेष पाहिले, 'आता हे एवढं बघू आणि मग जेवू' असं तीनदा म्हणालो, आणि पावणेचारला एका अशाच दारात गेलो. पास्ता गिळगिळीत होता, बिल भरभक्कम होतं. आणि भांडण कशावरून झालं? माझ्या टोपीवरून. टोपीचा काही दोष नव्हता.

म्हणून माझी पहिली आणि जवळजवळ एकमेव अट : दुपारचं जेवण सव्वा वाजता. काहीही राहिलं तरी चालेल, अगदी पुढच्या चौकात जगातलं आठवं आश्चर्य उभं असलं तरी. यादीवाल्या मैत्रिणीला हे आत्ताच, घरी बसून, पोट भरलेलं असताना सांगा. तिथे रस्त्यात सांगू नका. आणि ज्या दिवशी सव्वा वाजता जमणारच नाही, त्या दिवशी खानावळीचा नाद सोडून 'पिझ्झा अल ताल्यो'च्या दुकानात शिरा. मोठ्या तव्यातला चौकोनी पिझ्झा, तुम्ही हाताने दाखवाल तेवढा कापून, वजनावर विकतात. अशी दुकानं दुपारीही उघडी सापडतात, उभ्याउभ्या खाऊन होतं आणि प्रत्येकीला हवा तो तुकडा घेता येतो. तुमच्यासारख्या गटासाठी याहून गुणी व्यवस्था मला माहीत नाही.

वजनावरून आठवलं. मेनूत किमतीपुढे 'एत्तो' हा शब्द दिसला, तर ती किंमत शंभर ग्रॅमची असते. मासे आणि फ्लॉरेन्सचा प्रसिद्ध मांसाचा तुकडा असेच वजनावर मिळतात. खवय्यी मैत्रीण सात युरो वाचून मान डोलावेल आणि बिलात साठ येतील. मागवण्याआधी एकूण वजन विचारायला लाजू नका, तिथली माणसंही विचारतात.

आता बिलाकडे येऊ, कारण खरी जखम तिथे आहे.

गंमत बघा, तुम्ही जिथे चालला आहात त्या देशात बिल सगळ्यांत सारखं वाटून भरण्याला 'आला रोमाना' म्हणतात, म्हणजे रोमन पद्धतीने. रोममध्ये तुम्हीही रोमन पद्धतीनेच भराल, हे उघड आहे. ही पद्धत वाईट नाही. सगळ्यांनी साधारण सारखं खाल्लं असेल तर तीच सर्वांत सुटसुटीत. पण एक जण कोशिंबीर आणि पाव खातेय, दुसरी मांस आणि अर्धा लिटर वाइन घेतेय, आणि हे दहा दिवस रोज चाललंय, तर ती समानता नुसती कागदावरची. तुमची मैत्रीण दहा दिवस गप्प राहिली ती पैशांमुळे नव्हे. 'मी कंजूस दिसेन' या भीतीने. तिचं फुटणं तुम्हाला अचानक वाटलं, तिला नसणार.

म्हणून तिच्याकडून मागणी यायची वाट बघू नका. नियम गटाचा असू दे, तिच्यासाठी केलेला अपवाद नको. असं करा : एक सामायिक पाकीट ठेवा, त्यात पाचही जणींनी पहिल्या दिवशी सारखी रक्कम टाकायची. त्यातून जाईल ते सगळ्यांचं : बसची तिकिटं, टॅक्सी, पाण्याच्या बाटल्या, कॉफी, जेलातो म्हणजे तिथलं आइस्क्रीम, आणि शहराचा प्रवासी कर. हा कर तिथल्या बहुतेक शहरांत दर माणशी, दर रात्री, हॉटेल तिथेच वसूल करतं. खोलीच्या भाड्यात तो धरलेला नसतो, म्हणून पहिल्याच दिवशी कुरबूर होते. जेवणात मात्र जिचं ताट तिचं, आणि वाइन पिणाऱ्यांची. वेटरकडे पाच वेगळी बिलं मागू नका, एका टेबलाला एक बिल हीच तिथली रीत आहे आणि गर्दीच्या वेळी पाच वेगळी करायला कुणी खूश नसतं. एकीने कार्डाने भरावं आणि रात्री हॉटेलवर पाच मिनिटांत हिशेब मिटवावा. ही एकजण तुम्ही नसाल. हे काम यादीवालीला द्या. तिला याद्या आवडतात.

बिलावर ओळखीच्या नसलेल्या दोन-तीन ओळी दिसतील, त्यावरून टेबलावर वाद नको. 'कोपेर्तो' म्हणजे माणशी बसण्याचा आकार, बहुतेक ठिकाणी एक ते तीन युरो. रोम ज्या प्रांतात येतं त्या लात्सिओत २००६च्या कायद्याने कोपेर्तो घ्यायला बंदी आहे, पण पावाचे पैसे घेता येतात. त्यामुळे टेबलावर आपणहून आलेली पावाची टोपली फुकट नसते. नको असेल तर हात लावण्याआधी परत करा. 'सेर्वित्सिओ' म्हणजे सेवाशुल्क. ते लावलेलं असेल तर टिपचा प्रश्न मिटला, आणि नसेल तरी टिप सक्तीची नाही. आणखी एक : बिल मागितल्याशिवाय येत नाही. तुम्ही अर्धा तास ताटकळत बसाल, वेटर तिकडे फिरकणार नाही, आणि यादीवाली घड्याळ बघायला लागेल. तो दुर्लक्ष करत नसतो. जेवलेल्या माणसाला न मागता बिल आणून देणं म्हणजे त्याला उठ म्हणणं, असं तिथे मानतात. 'इल कोन्तो, पेर फावोरे' एवढं म्हटलं की येतं.

कॉफीचाही असाच एक बारकावा आहे, आणि तो तुमच्या चौकात बसणाऱ्या मैत्रिणीच्या कामाचा. एकाच दुकानात, एकाच कॉफीचे दोन दर असतात. काउंटरवर उभं राहून प्यायलात तर एस्प्रेसो १.२० ते १.५० युरोच्या आसपास. तीच टेबलावर मागवली तर दुप्पट, तिप्पट, आणि प्रसिद्ध चौकात त्याहूनही जास्त. व्हेनिसच्या सान मार्को चौकातल्या जुन्या कॅफेंत वाद्यवृंद वाजत असेल तर संगीताचा वेगळा आकार बिलात लागतो. ही फसवणूक नव्हे, दर लिहिलेले असतात. तुम्ही खुर्चीचं, चौकाचं आणि त्या तासाभराचं भाडं भरता. तुमची मैत्रीण ते आनंदाने भरेल आणि तिला ते वसूल करता येतं. बाकीच्या चौघींनी तिच्याशेजारी बसून घड्याळाकडे बघत तेवढंच भाडं भरायचं काही कारण नाही. उभ्याने प्या आणि पुढे व्हा, तिला तिथे सोडा. मात्र रोममधल्या स्पॅनिश पायऱ्यांवर बसायचं तिच्या मनात असेल तर आधीच सांगून ठेवा : २०१९पासून तिथे बसायला बंदी आहे, दंड होतो.

शाकाहारी मैत्रिणीबद्दल जरा सविस्तर लिहिते. लोक म्हणतात, इटलीत काय, पास्ता-पिझ्झा आहे, शाकाहाऱ्यांची चंगळ. अर्धं खरं आहे. पार्मिजानो रेज्जानो आणि पेकोरिनो रोमानो ही दोन्ही चीज प्राण्यांच्या जठरातल्या रेनेट नावाच्या द्रव्याने विरजतात, पहिलं वासराच्या, दुसरं कोकराच्या. रोमचा लाडका 'काच्चो ए पेपे' पास्ता दिसायला पूर्ण शाकाहारी, नुसतं चीज आणि मिरी. पण ते चीज पेकोरिनो. तुमच्या मैत्रिणीला हे चालतं की नाही, हे तिचं तिने ठरवायचं. चालणाऱ्याही पुष्कळ आहेत. मात्र तिला ते तिथे तिसऱ्या दिवशी कळू देऊ नका. आत्ताच फोन करा, एकटीला, गटाच्या चॅटवर नको.

रोमचे बाकी नावाजलेले पास्ते, कार्बोनारा आणि अमात्रिचाना, यांत डुकराच्या गालाचं मांस असतं. पुंतारेल्ले नावाच्या छान कडवट पालेभाजीच्या कोशिंबिरीत अँचोव्ही नावाचे बारीक मासे वाटून घातलेले असतात, भोपळ्याच्या तळलेल्या फुलांतही बहुधा तेच. 'मांस नको' म्हटलं तर मासा येऊ शकतो, म्हणून दोन्ही म्हणायला हवं : सेंत्सा कार्ने, सेंत्सा पेशे. आणि सूपाचं पाणी कशाचं आहे तेही विचारायचं, भाज्यांचं सूप मांसाच्या पाण्यात केलेलं असू शकतं.

हे सगळं वाचून ती घाबरेल, तर आता दुसरी बाजू. मारिनारा पिझ्झावर चीजच नसतं : टोमॅटो, लसूण, ओरेगानो, ऑलिव्ह तेल, बस्स. नावात समुद्र असला तरी त्यात मासा नाही, आणि चांगल्या भट्टीतला मारिनारा खाल्ल्यावर चीज कशाला हवं होतं असा प्रश्न पडतो. मेनूत 'पेपेरोनी' दिसलं तर मांस समजून दचकू नका, इटालियनमध्ये ती ढोबळी मिरची. रोमच्या जुन्या ज्यू वस्तीत आर्टिचोकचं अख्खं फूल तेलात कुरकुरीत तळून देतात, पाकळ्या पाकळ्या मोडून खायच्या. मात्र ताज्या आर्टिचोकचा हंगाम हिवाळा ते वसंत, सप्टेंबरात मिळालंच तर कुठलं आहे ते विचारा. फ्लॉरेन्सला तर तिची खरंच चंगळ आहे. रिबोल्लिता म्हणजे शिळा पाव, पांढरा घेवडा आणि केल नावाची काळपट पालेभाजी यांचं दाट सूप. पाप्पा अल पोमोदोरो म्हणजे पाव आणि टोमॅटो यांचा मऊ गोळा. दोन्ही गरिबांच्या स्वयंपाकघरातून आलेले पदार्थ, दोन्ही पोटभरीचे, आणि स्वस्त. तिथल्या पावात मीठ नसतं, ती चूक समजून परत पाठवू नका.

मेनूचे पाच विभाग बघून दडपणही घेऊ नका. आधीचं, पहिलं, दुसरं, भाजी, गोड, असं सगळं प्रत्येकीने मागवायचं नसतं. 'पहिलं' म्हणजे पास्ता किंवा भात, 'दुसरं' म्हणजे मांस किंवा मासे. तुमच्या शाकाहारी मैत्रिणीने एक पहिलं आणि 'कोन्तोर्नी'तल्या दोन भाज्या घेतल्या तर तिचं ताट कुणाहून कमी दिसत नाही.

फिरण्याबद्दल मी थोडक्यात आटोपते, कारण तिथे गुंतागुंत कमी आहे. दिवसाला तिकिटाचं एकच मोठं ठिकाण, तेही सकाळी. बाकी दिवस मोकळा. यादीवाली म्हणेल, एवढे पैसे खर्चून एकच? तिला दुसरं बघायचं असेल तर तिने दुपारी एकटीने जावं. पाच जणींनी एकत्र प्रवास करणं म्हणजे पाच जणींनी एकाच खांबासमोर एकाच वेळी उभं राहणं नव्हे. सकाळचं ठिकाण आणि रात्रीचं जेवण एकत्र, मधले तास ज्याचे त्याचे. दुपारी तीन ते सात कुणी कुणाला 'कुठे आहेस' असा मेसेजही करायचा नाही. तुमची सगळी भांडणं ज्या तासांत झाली, त्या तासांत तुम्ही एकत्र नसलातच तर?

कुठल्या ठिकाणी कोण जाणार हे मात्र आधीच ठरवावं लागेल. ऑक्टोबर २०२३पासून कोलोसियमच्या तिकिटावर नाव असतं आणि दारात ओळखपत्राशी ताडून बघतात. ऐनवेळी 'मी नाही येत, तू जा माझ्या तिकिटावर' चालत नाही. विक्री साधारण महिनाभर आधी उघडते, आणि भराभर संपते. व्हॅटिकनची संग्रहालयं रविवारी बंद, फक्त महिन्याच्या शेवटच्या रविवारी उघडी आणि फुकट. त्या दिवशीची रांग बघून फुकटचा मोह सुटतो. फ्लॉरेन्सची उफीझी आणि मायकेलअँजेलोचा डेव्हिड हा पुतळा असलेली अकादेमिया, ही दोन्ही संग्रहालयं सोमवारी बंद. तुमचे फ्लॉरेन्सचे दिवस शनिवार ते सोमवार येत असतील तर आत्ताच हलवा. तिथल्या कॅथेड्रलच्या घुमटावर जायला ४६३ पायऱ्या आहेत, लिफ्ट नाही, आणि वेळ आधी ठरवून घ्यावी लागते. गुडघे कुणाचे कसे आहेत हे तुम्हाला माहीत. वर न जाणाऱ्यांनी खाली चौकात बसावं, घुमट तसाही खालूनच जास्त चांगला दिसतो, असं माझं मत.

आणि रोममध्ये पाऊस आला तर हॉटेलात बसू नका, पँथिऑन या प्राचीन रोमन मंदिरात जा. जुलै २०२३पासून तिथे तिकीट आहे, पण द्या. घुमटाच्या मधोमध जवळजवळ नऊ मीटरचं उघडं भोक आहे, त्यातून पाऊस सरळ आत पडतो आणि फरशीतल्या बारीक छिद्रांतून निघून जातो. अठराशे-एकोणीसशे वर्षं हेच चाललंय. तुम्ही पाचही जणी तिथे एकाच वेळी गप्प व्हाल.

पाण्यासाठी पैसे घालवू नका. रोमच्या रस्त्यांवर 'नासोनी' नावाचे लोखंडी नळ आहेत, पहिले १८७४मध्ये बसवले, आज सुमारे अडीच हजार. पाणी सतत वाहतं, गार असतं आणि पिण्याचंच असतं. खालच्या तोटीवर बोट दाबलं की वरच्या भोकातून कारंजं उडतं, त्याला तोंड लावायचं. पहिल्या वेळी चेहरा भिजतो.

तुमच्या स्वतःबद्दल एक सांगू? पत्रभर 'मला काय हवंय' असं एक वाक्यही नाही. चौघींच्या आवडी पाठ आहेत, पाचवीची मला शेवटपर्यंत कळली नाही. बुकिंग वाटून द्या : कोलोसियम एकीकडे, आगगाड्या दुसरीकडे, रात्रीची टेबलं खवय्यीकडे, ती कामं करायला तिला आवडेलच. चुकीचं बुक झालं तर होऊ दे. आणि एक दिवस स्वतःसाठी काहीतरी मागा, मग ते दुपारी झोपणं का असेना.

आता सहावी. माणूस म्हणून ती कशी आहे मला ठाऊक नाही, म्हणून मी फक्त व्हेनिसपुरतं बोलते. गोंडोलाचा दर महापालिकेने ठरवलेला आहे : दिवसा अर्ध्या तासाला ९० युरो, संध्याकाळी सातनंतर ११०. हा दर नावेचा, माणशी नाही. पाच जणींत दिवसा १८ युरो पडतात, आणि या बिलात शाकाहारी-मांसाहारी हा प्रश्नच येत नाही. पूर्वी एका नावेत सहा जण बसायचे. २०२०मध्ये ती मर्यादा पाचवर आणली. नावाड्यांनी कारण दिलं की प्रवासी आता पूर्वीपेक्षा वजनदार झालेत. सहावीला घेतलंत तर दोन नावा कराव्या लागतील, आणि मग कोण कुणाच्या नावेत बसणार हे ठरवायचं काम पुन्हा तुमच्याकडेच येईल.